कॅल्शियम ५०० की १२५०? गोळीचं आडनाव वाचायला शिका



आजचा लेख थोडा भांडखोर आहे, हे आधीच सांगतो. नेहमीसारखी एखाद्या आजाराची लक्षणं, तपासण्या आणि पथ्यपाणी यात सापडणार नाही. माझं भांडण आहे ते एका वाक्याशी: "पेशंटला केमिस्ट्री कशाला हवी?" हे वाक्य मी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून ऐकलंय, काही डॉक्टर मित्रांकडून ऐकलंय आणि सगळ्यात जास्त वेळा खुद्द पेशंटकडूनच ऐकलंय. "डॉक्टर, ते नाव वगैरे राहू द्या, कितीची गोळी ते सांगा."

अडचण तिथेच आहे. कितीची गोळी हे नाव वाचल्याशिवाय कळतच नाही. आयनिक संयुगांची नावं आणि त्यांची रेणुसूत्रं हा शाळेतला धडा तुम्ही मार्कांपुरता पाठ केलात आणि विसरलात. पण तो तुमच्या औषधांच्या डब्यात, मिठाच्या बरणीत आणि फरसाणाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला रोज हजर असतो. तुम्ही तो विसरलात, यावर बऱ्याच जणांचं दुकान छान चालतं.

आधी पाच मिनिटांची उजळणी

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. पहिलं नाव धातूचं, त्याच्यावर धन प्रभार. दुसरं नाव, म्हणजे आडनाव, ऋण प्रभाराच्या भागाचं. दोघांचे प्रभार एकमेकांना फेडून शून्य झाले पाहिजेत, एवढाच नियम. सोडियमचा प्रभार अधिक एक, क्लोराइडचा उणे एक, म्हणून एकास एक. कॅल्शियमचा अधिक दोन, म्हणून कॅल्शियम क्लोराइडमध्ये एका कॅल्शियमला दोन क्लोराइड लागतात. कार्बोनेटचा उणे दोन, म्हणून कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा एकास एक. सायट्रेटचा उणे तीन, म्हणून त्याला तीन सोडियम. शाळेत याला 'तिरकस गुणाकार' म्हणत. गुणाकार पाठ झाला, तो का करायचा ते मात्र राहून गेलं.

आडनावाच्या शेपटालाही अर्थ असतो. 'आइड' असेल तर बहुतेक वेळा एकच मूलद्रव्य: क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड (हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे अपवाद). 'एट' असेल तर सोबत ऑक्सिजन: सल्फेट, नायट्रेट, आयोडेट. 'आइट' असेल तर ऑक्सिजन एकाने कमी: सल्फाइट, नायट्राइट. लोखंडासारखे धातू दोन प्रभार बाळगतात, म्हणून त्यांची पहिली नावंही दोन: प्रभार दोन असेल तर फेरस, तीन असेल तर फेरिक. आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये यासाठी धातूच्या नावापुढे प्रभाराचा आकडा लिहायची पद्धत सुचवली. आपल्या औषधांच्या वेष्टनांवर अजून फेरस-फेरिकच चालतं.

झाली उजळणी. आता भांडणाकडे वळू.

कॅल्शियमचा मोठा आकडा

गुडघे दुखायला लागले की घरोघर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात, अनेकदा डॉक्टरला न विचारताच. दोन पाकिटं शेजारी ठेवा. एकावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, दुसऱ्यावर कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम. तुम्हाला वाटणार, थोडाच फरक आहे. प्रत्यक्षात कार्बोनेटच्या वजनात ४० टक्के कॅल्शियम असतं, बाकीचं वजन कार्बन आणि ऑक्सिजनचं. म्हणजे १२५० च्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्के, म्हणजे १००० च्या गोळीत फक्त २१० च्या आसपास. ग्लुकोनेटमध्ये तर जेमतेम ९ टक्के. मोठ्या माणसाची रोजची गरज आपल्याकडे १००० मिलिग्रॅम धरली आहे, आणि ती निव्वळ कॅल्शियमची आहे, गोळीच्या वजनाची नव्हे.

चांगल्या वेष्टनांवर "एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमइतके" अशी ओळ असते. पण कुठे? खाली, बारीक अक्षरात, चंदेरी कागदावर चंदेरी चकाकीत. ज्या बाईला चाळिशीनंतर चष्म्याशिवाय ताटातला खडा दिसत नाही, तिने ती ओळ वाचावी अशी अपेक्षा आहे!

त्यातच 'ऑर्गॅनिक सोर्स' हा नवा दागिना. कालवांच्या शिंपल्यांपासून काढलेलं कॅल्शियम. शिंपल्यात असतं कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडीतही कॅल्शियम कार्बोनेट, अंड्याच्या कवचातही तेच. सूत्र एक, वजनाचा हिशोब एक, पोटात गेल्यावर होणारी क्रिया एक. जास्त पैसे तुम्ही शिंपल्याच्या चित्राला मोजता.

आडनावावरून आणखी एक गोष्ट ठरते. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ती गोळी जेवणासोबत घ्यायची. रोज ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्याला सायट्रेट बरं पडतं, ते रिकाम्या पोटीही चालतं. आणि थायरॉइडच्या गोळीपासून कुठलंही कॅल्शियम चार तास लांब ठेवायचं. हे सगळं "कॅल्शियमची गोळी घ्या" या तीन शब्दांत कुठे बसतं?

हिराकस, टॉनिक आणि लाल गोळी

आमच्या आजीच्या पिढीला हिराकस हे नाव माहीत होतं. तेच फेरस सल्फेट. स्फटिकांमध्ये प्रत्येक रेणूमागे सात पाण्याचे रेणू अडकलेले असतात, म्हणून वजनाच्या फक्त २० टक्के लोह. ३०० मिलिग्रॅममध्ये ६०. पाणी काढून सुकवलेल्या फेरस सल्फेटमध्ये तेच प्रमाण ३० टक्क्यांच्या वर जातं. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के, फेरस ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. तर मग "मी ३०० ची लोहाची गोळी घेते" या वाक्याचा अर्थ काय? ३६ मिलिग्रॅम लोह की ९९? आडनाव सांगितल्याशिवाय मी उत्तर देऊ शकत नाही, आणि कुणीच देऊ शकत नाही.

सरकारी योजनेत हा गोंधळ नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण सरकारी गोळीला नाक मुरडणारे खूप आहेत. गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम निव्वळ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींच्या निळ्या गोळीत तेवढंच, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांच्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह. मात्रा धातूच्या वजनात ठरवलेली आहे. ती फुकट मिळणारी गोळी बाजूला ठेवून लोक महागडी टॉनिकची बाटली आणतात. तिच्यावर लिहिलेलं असतं फेरिक अमोनियम सायट्रेट १६० मिलिग्रॅम. त्यात लोह सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे तीस-बत्तीस मिलिग्रॅम. लाल गोळीच्या जवळजवळ निम्मं! वर ते फेरिक. आपलं आतडं लोह शोषून घेतं ते प्रामुख्याने फेरस रूपात, फेरिकचं आधी फेरस करावं लागतं. लिंबू किंवा आवळा सोबत घ्या असं आम्ही सांगतो, ते यासाठीच. चहासोबत घेऊ नका, कारण चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. चार महिने बाटल्या रिचवून हिमोग्लोबिन साडेआठवरून नऊवर आलेली बाई जेव्हा समोर बसते, तेव्हा दोष तिच्या 'अंगाला लागत नाही' यावर टाकला जातो. आधी बाटलीचा हिशोब करा ना.

मिठाचा खेळ

आता येतो तो प्रकार, ज्यावर मला खरंच राग आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजेच ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. दोन आकडे वेगळे का? कारण मिठाच्या वजनात सोडियम फक्त ३९ टक्के, बाकी क्लोराइड. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. आपल्याकडच्या पाकिटांवर छापतात सोडियम, तेही मिलिग्रॅममध्ये, तेही १०० ग्रॅमला. समजा फरसाणाच्या पाकिटावर सोडियम ८०० मिलिग्रॅम लिहिलंय. बीपीचा पेशंट म्हणतो, "एक ग्रॅमसुद्धा नाही." साहेब, ते दोन ग्रॅम मीठ झालं, दिवसाच्या मर्यादेचे चाळीस टक्के. युरोपात पाकिटावर सरळ मीठच छापावं लागतं. आपल्याकडे का नाही?

दुसरा गट आहे 'केमिकल नको' म्हणणाऱ्यांचा. साधं मीठ केमिकल आणि सैंधव नैसर्गिक, म्हणून बीपीला चालतं, असा समज गावोगाव पोचलाय. गुलाबी सैंधवात साधारण ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं, गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत ती सगळी गाजलेली खनिजं. पाच ग्रॅम सैंधवात फार तर दीडशे मिलिग्रॅम, तेही सगळी मिळून. एवढ्यासाठी तुम्ही काय सोडता? आयोडीन. आपल्या मिठात ते पोटॅशियम आयोडेट या रूपात घालतात, आयोडाइड रूपात नाही, कारण आपल्या दमट हवेत आयोडाइडमधलं आयोडीन टिकत नाही. शेपटातला हा फरक ज्यांनी विचारपूर्वक निवडला त्यांचे आभार मानायचे, तर आपण 'पोटॅशियम आयोडेट' हे नाव वाचूनच बरणी बदलतो. घरात गरोदर सून असेल तर हा खेळ परवडणारा नाही. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं.

मधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरतं, की मिठात सायनाइड असतं. मीठ मोकळं राहावं म्हणून किलोमागे काही मिलिग्रॅम पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, हे खरं. पण फेरोसायनाइड हा आख्खा एक वेगळा आयन आहे, त्यात सायनाइड लोहाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात ते सुटं होऊन विष व्हावं असं घडत नाही. नावात शब्द सापडला म्हणून विष सापडलं, हा न्याय लावला तर सोडियम हा पाण्यात टाकताच पेटू शकणारा धातू आणि क्लोरीन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू, मग वरणात काय घालणार?

हाच खेळ उलटाही चालतो. फ्रूट सॉल्टच्या काही पुड्यांवर घटक म्हणून स्वर्जिकाक्षार असं भारदस्त संस्कृत नाव असतं. तो सोडियम बायकार्बोनेट, आपला खाण्याचा सोडा. त्याच्या वजनात २७ टक्के सोडियम. एका पुडीत सव्वादोन ग्रॅम सोडा असेल तर ६०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम, म्हणजे दीड ग्रॅम मिठाइतकं. हार्ट फेल्युअरचा पेशंट जेवणात मीठ मोजतो आणि रात्री जळजळ झाली की दोन पुड्या फसफसवून पितो. पाय सुजतात. चौकशी केली की उत्तर येतं, "ते आयुर्वेदिक आहे हो." खाऱ्या पापडाचा पापडखारही सोडियमच्याच घरातला.

आणि 'लो सोडियम' मीठ? त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी किडनीच्या मोठ्या माणसाला ते उपयोगी आहे, जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तशी शिफारस केली. पण त्याच शिफारशीत किडनीचे पेशंट, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं वगळली आहेत. किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, अगदी थांबण्यापर्यंत. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणजे ज्या बीपीच्या पेशंटला हे मीठ विकलं जातं, त्यांच्यातच ते ज्यांना द्यायचं नाही असे बरेच जण आहेत. पाकिटावर समोर मोठ्या अक्षरात काय असतं? हृदयाचं चित्र.

एका शेपटाचा फरक

"एवढं बारीक कोण बघतं," असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पोटाच्या एक्स-रेसाठी पाजतात ते बेरियम सल्फेट. ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून आतड्यातून तसंच बाहेर पडतं. बेरियम कार्बोनेट जठरातल्या आम्लात विरघळतं, रक्तात शिरतं, स्नायू लुळे पडतात, हृदय बंद पडतं. उंदीर मारायला ते वापरत असत. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये एक्स-रेच्या औषधात हे कार्बोनेट आलं आणि तपासणीला गेलेले कित्येक लोक दगावले.

दुसरी न्यूयॉर्कची, १९४४ ची. एका स्वस्त खाणावळीत न्याहारी केलेली अकरा माणसं निळी पडून हॉस्पिटलात आली. मिठाऐवजी त्यांच्या पोटात सोडियम नायट्राइट गेलं होतं. क्लोराइडसारखंच पांढरं, चवीला खारट. त्यातला एक जण वाचला नाही. बर्टन रूशे या लेखकाने ही हकीकत लिहिली आहे.

रोजच्या औषधांतही आडनावं आहेत. मेटोप्रोलॉल सक्सिनेट दिवसातून एकदा घ्यायची, हळूहळू सुटणारी गोळी. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट लवकर उतरते, ती बहुधा दोनदा घ्यावी लागते. डायक्लोफिनॅक पोटॅशियम सोडियमपेक्षा लवकर कामाला लागतं. दुकानदार "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणाला, तर दुसरा शब्द जुळवून पाहा. दुसरा शब्द वेगळा असेल तर ते 'तेच' नाही.

ओआरएसचं उदाहरण

हे ज्ञान नीट वापरलं तर काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे जुलाबावरची ओआरएसची पुडी. एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. रासायनिक मापात लिटरमागे ७५ एकक सोडियम हवं. मिठातून येतं सुमारे ४५. सायट्रेटचे रेणू फक्त दहा एकक, पण प्रत्येकाला तीन सोडियम चिकटलेले, म्हणून उरलेले ३० तिथून. तिरकस गुणाकाराने जीव वाचतात तो असा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये कालवून कॉलराच्या पेशंटना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं.

त्याच तीन अक्षरांचं नाव लावून आपल्याकडे वर्षानुवर्षं गोड सरबतांचे डबे मेडिकलमध्ये विकले गेले. साखर भरपूर, सोडियम अपुरं. जुलाब झालेल्या बाळाला ते पाजलं तर जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. उशिरा का होईना. तरी पुडीवरचे चार घटक एकदा स्वतः वाचा आणि आख्खी पुडी एक लिटर पाण्यात एकदम कालवा, ग्लासात चमचा-चमचा नको.

"लोकांना हे जमणार नाही"

माझ्या डॉक्टर मित्रांचा मुद्दा असा, की एवढं सांगितलं तर पेशंट गोंधळतो आणि गोळीच बंद करतो. मला हे पटत नाही. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षवाला शेतकरी ठिबकमधून सोडायला ००:००:५० मागतो की १३:००:४५ मागतो, ते बघा. पहिलं पोटॅशियम सल्फेट, दुसरं पोटॅशियम नायट्रेट. आडनाव बदललं की घडावर काय परिणाम होतो, हे तो दुकानदाराला समजावून सांगतो. युरियाच्या पोत्यावर नत्र ४६ टक्के हे ठळक छापलेलं असतं, कारण तसं छापणं बंधनकारक आहे. पोत्याचं वजन आणि आतल्या अन्नद्रव्याचं वजन यातला फरक जो माणूस कर्ज काढून शिकलाय, त्याला स्वतःच्या बायकोच्या लोहाच्या गोळीतला फरक कळणार नाही? कळेल. त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि छापलेलं दिसत नाही, एवढंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पोत्यावर जे चालतं ते गोळीच्या पाकिटावरही चालू द्या. लोह, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांचं निव्वळ वजन, नावाइतक्याच मोठ्या अक्षरात, समोरच्या बाजूला, मराठीत. खाण्याच्या पाकिटावर सोडियमसोबत मीठ किती ग्रॅम, तेही. आणि शाळेत हा धडा शिकवताना फळ्यावरच्या सूत्रांसोबत एक मिठाची पिशवी आणि एक औषधाची स्ट्रिप वर्गात फिरवा. खर्च काही नाही.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. डॉक्टरांना विचारा, "यात निव्वळ लोह किती?" ते चिडले तर चिडू देत. किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर घरातली मिठाची पिशवी आणि फसफसणारी पुडी दोन्ही दाखवायला घेऊन जा. आणि दुकानातून अर्धी स्ट्रिप कापून घेताना ज्या तुकड्यावर औषधाचं पूर्ण नाव आणि एक्सपायरी आहे तोच तुकडा मागून घ्या, आणि गोळ्या खाताना तो भाग शेवटपर्यंत फाडू नका.